माजी सैनिकांची महागाई सवलत : हक्क आणि हिशेब
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)





तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पावन स्मृतीस प्रथम विनम्र अभिवादन करतो. देशासाठी ज्यांनी आपले प्राण दिले, त्या सर्व जवानांनाही मी अभिवादन करतो.

संयोजकांनी मला 'माजी सैनिक आणि वाढती महागाई' हा विषय दिला आहे. खरे म्हणजे महागाई कळण्यासाठी भाषणाची गरज नाही. तेलाचा डबा आणि औषधाचे दुकान ती आपल्याला रोज शिकवीत असतात. परंतु या महागाईवर उतारा म्हणून सरकार माजी सैनिकांना आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबांना जी सवलत देते, ती किती, कशी ठरते, कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. 'डी.ए. वाढला म्हणे', एवढीच बातमी आपल्या वस्तीपर्यंत येते. तो आपल्या पासबुकात किती वाढला, हे कोणी पाहत नाही. म्हणून आज मी आपल्यासमोर हिशेब मांडणार आहे. भाषणात आकडे आले की श्रोते कंटाळतात हे मला माहीत आहे. पण हे आकडे आपल्या घरातले आहेत, म्हणून थोडा वेळ सोसून घ्यावेत ही विनंती.

पेन्शनीचे घर

आपल्या समाजाचा आणि पेन्शनीचा संबंध जुना आहे. कोरेगावच्या विजयस्तंभाचा आपण अभिमान बाळगतो. पण लष्कराने आपल्याला शौर्याच्या कीर्तीबरोबर आणखी दोन गोष्टी दिल्या होत्या. एक म्हणजे पलटणीतल्या शाळेचे शिक्षण आणि दुसरी म्हणजे दरमहा हातात पडणारी पेन्शन. गावकीच्या बलुत्यावर अवलंबून नसलेली अशी रोख रक्कम त्या काळी आपल्या दुसऱ्या कोणत्याही घरात येत नव्हती. म्हणूनच समाजातील पहिली वाचणारी, लिहिणारी आणि सरकारकडे अर्ज करणारी माणसे लष्करी पेन्शनरांच्या घरांतून निघाली. दापोलीस तर अशा पेन्शनरांची वस्तीच होती. 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हेही लष्करातून पेन्शन घेऊन दापोलीस येऊन राहिले. पेन्शन चालू असतानाही पुढे त्यांना सातारा भागात नोकरी धरावी लागली. त्याच पेन्शनीच्या आणि नोकरीच्या आधारावर त्यांनी आपल्या मुलाला शिकविले. तो मुलगा पुढे काय झाला हे या सभागृहात सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने आपली लष्करभरती बंद केली. तेव्हा वलंगकरांनी आणि नंतर १९१० साली पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. भरती बंद होणे म्हणजे उद्याचे पेन्शनीचे घर बंद होणे, हे त्यांना कळले होते. १९१७ साली महायुद्धाच्या गरजेपोटी महारांची पलटण उभी राहिली आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

बाबासाहेबांच्या संदर्भात आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ते १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. कामगारांच्या राहणीमानाच्या खर्चाचे निर्देशांक काढण्याची केंद्र सरकारची योजना त्या काळी याच खात्याकडे होती. ऑक्टोबर १९४६ मध्ये या कामातूनच मजूर ब्युरो, म्हणजे लेबर ब्युरो, स्थापन झाला. आज निवृत्त सुभेदाराची असो की शिपायाच्या विधवेची असो, महागाई सवलत ठरते ती याच ब्युरोने काढलेल्या निर्देशांकावरून.

मालकाचे कर्तव्य

काही मंडळी म्हणतात, "सरकार देते आहे, मिळेल ते घ्यावे, अधिक बोलू नये." हा विचार धम्माला धरून नाही. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल नावाच्या तरुणाला सहा दिशांचा अर्थ समजावून सांगितला आहे. त्यात मालकाने सेवकाशी कसे वागावे हेही सांगितले आहे. त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, चांगले पदार्थ त्याच्याबरोबर वाटून खावेत आणि वेळेवर रजा द्यावी, असा तो उपदेश आहे. यात भिक्षेची किंवा उपकाराची भाषा नाही. सेवा घेणाऱ्याचे ते कर्तव्य म्हणून सांगितले आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व मान्य केले आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्याचा निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात सांगितले की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी किंवा मर्जीची बाब नाही; केलेल्या सेवेबद्दलचा तो हक्क आहे. १७ डिसेंबर हा दिवस आजही देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. पेन्शन हा जर हक्क असेल, तर त्या पेन्शनीची किंमत महागाईत वितळू न देणे हाही त्या हक्काचाच भाग ठरतो. आज हातात पडणाऱ्या शंभर रुपयांत दहा वर्षांपूर्वीच्या साठ-पासष्ट रुपयांचाच माल येत असेल, तर सरकारने पेन्शनीचा तेवढा भाग परत घेतल्यासारखेच होईल. ते होऊ नये म्हणून महागाई सवलत आहे.

महागाई सवलत कशी ठरते

नोकरीत असलेल्या माणसाला मिळतो तो महागाई भत्ता आणि पेन्शनरला मिळते ती महागाई सवलत. आपण बोलताना दोन्हीला डी.ए. म्हणतो. वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैपासून, हा दर बदलतो. घोषणा बहुधा दोन-तीन महिने उशिरा होते आणि मधल्या महिन्यांचा फरक मागाहून मिळतो.

दर कसा निघतो? औद्योगिक कामगारांचे कुटुंब कोणत्या जिनसांवर किती खर्च करते, याची पाहणी करून मजूर ब्युरो दरमहा निर्देशांक काढतो. मागील बारा महिन्यांची सरासरी घेऊन ती २०१५ सालच्या सरासरीशी ताडून पाहतात. जेवढे टक्के वाढ, तेवढे टक्के सवलत. सातव्या वेतन आयोगाची पेन्शन १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, तेव्हा हा दर शून्य होता. १ जानेवारी २०२४ पासून तो ५० टक्के झाला, १ जुलै २०२४ पासून ५३, १ जानेवारी २०२५ पासून ५५ आणि १ जुलै २०२५ पासून ५८ टक्के झाला. म्हणजे सरकारच्याच हिशेबाने २०१५ साली शंभर रुपयांत येणाऱ्या बाजारहाटाला तेव्हा १५८ रुपये लागू लागले.

आता हे एका घरात कसे बसते ते पाहू. सातव्या वेतन आयोगाने पेन्शन आणि कुटुंब पेन्शन दोन्हींची किमान रक्कम दरमहा ९,००० रुपये ठरविली. ज्या भगिनीला ही किमान कुटुंब पेन्शन मिळते, तिला ५८ टक्के दराने ५,२२० रुपये महागाई सवलत मिळाली पाहिजे. एकूण १४,२२० रुपये. ज्या विधवा भगिनी येथे बसल्या आहेत, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. १ जुलै २०२५ नंतरच्या कोणत्याही महिन्यात केंद्र सरकारच्या लष्करी कुटुंब पेन्शनीपोटी खात्यात यापेक्षा कमी रक्कम येत असेल, तर चौकशी करणे आवश्यक आहे. मागील काही वसुली चालू असेल तर रक्कम कमी येऊ शकते. पण ती कसली वसुली आहे हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

दुसरी गोष्ट वयाची. वयाची ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ पेन्शनीवर २० टक्के जादा पेन्शन मिळते, ८५ नंतर ३०, ९० नंतर ४०, ९५ नंतर ५० आणि शंभरी गाठली की १०० टक्के. ही तरतूद कुटुंब पेन्शनलाही लागू आहे आणि या जादा रकमेवरही महागाई सवलत मिळते. म्हणजे ८० वर्षांच्या आजीची ९,००० ची पेन्शन १०,८०० होते, त्यावर ५८ टक्के म्हणजे ६,२६४, एकूण १७,०६४ रुपये. पूर्वीच्या रकमेपेक्षा दरमहा २,८४४ रुपये अधिक. वर्षाचे झाले ३४,१२८ रुपये.

पण होते काय? जुन्या पेन्शन पेमेंट ऑर्डरमध्ये, म्हणजे पीपीओमध्ये, पत्नीची जन्मतारीख पुष्कळदा लिहिलेलीच नसते. आजी ८० ची झाली की ८५ ची, हे सरकारच्या कागदाला कळत नाही. कागदाला कळले नाही म्हणजे पैसे येत नाहीत. आजी मात्र समजते की मला मिळते तेवढेच मिळायचे होते. वर्षाला चौतीस हजार रुपये केवळ एका तारखेअभावी राहून जातात. यात कोणाचा दुष्टपणा असेलच असे नाही. पण पोटाला चिमटा बसायचा तो बसतोच.

तिसरी गोष्ट पेन्शन विक्रीची. निवृत्त होताना जवान आपल्या पेन्शनीचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतो. त्यामुळे दरमहाची पेन्शन कमी होते. परंतु महागाई सवलत ही विक्रीपूर्वीच्या पूर्ण पेन्शनीवर मिळते, कमी झालेल्या रकमेवर नाही. आणि विकलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा चालू होतो. ही दोन्ही कलमे आपल्या बाबतीत पाळली गेली की नाही, हे प्रत्येकाने पडताळून पाहावे.

महागाई सवलत आणि 'वन रँक वन पेन्शन' यांचीही पुष्कळ गल्लत होते. महागाई सवलत किमती वाढल्या म्हणून मिळते. वन रँक वन पेन्शनमध्ये मूळ पेन्शनच बदलते, म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवा असलेल्या जुन्या आणि नव्या निवृत्तांची पेन्शन सारखी व्हावी म्हणून ती पुन्हा ठरविली जाते. ही योजना १ जुलै २०१४ पासून लागू झाली. त्यानंतर १ जुलै २०१९ आणि १ जुलै २०२४ पासून फेररचना झाली. मूळ पेन्शन वाढली की त्यावरची महागाई सवलतही वाढते. म्हणून एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असे धरून चालू नये. दोन्ही स्वतंत्रपणे तपासावीत.

हिशेब कोठे अपुरा पडतो

येथपर्यंत सरकारने काय दिले ते सांगितले. आता जे अपुरे आहे तेही स्पष्ट बोलले पाहिजे.

पहिली उणीव टक्केवारीत आहे. चार टक्के सवलत वाढली की ५०,००० मूळ पेन्शन असलेल्या अधिकाऱ्याला २,००० रुपये मिळतात आणि ९,००० वाल्या विधवेला ३६०. अधिकाऱ्यांनीही देशसेवा केली आहे, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण गॅसचे सिलिंडर दोघांना एकाच भावाने मिळते. ज्याची पेन्शन लहान, त्याच्या खर्चात अन्न आणि औषध यांचाच वाटा मोठा. निर्देशांक ज्या पाहणीवर आधारलेला आहे, ती ८८ औद्योगिक केंद्रांतील कामगार कुटुंबांची आहे. २०१६ पायाभूत धरून काढलेल्या नव्या मालिकेत अन्नपदार्थांचे वजन ३९ टक्के आहे; जुन्या मालिकेत ते ४६ टक्के होते. कमावत्या कामगाराच्या घराचा हा हिशेब असेल. पण खेड्यात एकट्या राहणाऱ्या, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या विकत घेणाऱ्या म्हातारीच्या घराचा हिशेब निराळा असतो. तिची महागाई या आकड्यात पुरती उतरत नाही.

दुसरी गोष्ट, हा हक्क थांबविताही येतो. करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, सरकारने महागाई भत्ता आणि सवलतीचे तीन हप्ते गोठविले. जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे ते हप्ते होते. दर १७ टक्क्यांवरच राहिला आणि १ जुलै २०२१ पासून एकदम २८ टक्के झाला. मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी दिली गेली नाही. देशावर संकट होते आणि तिजोरीवर ताण होता, हे मान्य. तरी हिशेब करून पाहा. ते तीन हप्ते ४, ३ आणि ४ टक्क्यांचे होते. ९,००० रुपये पेन्शन असलेल्या विधवेचे पहिल्या सहा महिन्यांत २,१६०, दुसऱ्या सहा महिन्यांत ३,७८० आणि तिसऱ्या सहा महिन्यांत ५,९४० रुपये गेले. एकूण ११,८८० रुपये. मोठ्या पेन्शनीला हा आकडा पेलवतो. लहान पेन्शनीत तेवढ्यात एक आजारपण निघते. पुन्हा कधी अशी वेळ आली, तर किमान पेन्शनवाल्यांना तरी त्यातून वगळावे, अशी मागणी आपण केली पाहिजे.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की, ज्याला पेन्शनच नाही त्याला महागाई सवलतही नाही. दुसऱ्या महायुद्धात लढून आलेल्या हजारो जवानांना युद्ध संपताच घरी पाठविण्यात आले. त्यांना पेन्शन नव्हती. नंतरच्या काळातही पंधरा वर्षांची सेवा पूर्ण न होता घरी आलेल्या जवानाला नियमाप्रमाणे सेवा पेन्शन मिळत नाही. अशांसाठी काही तरतुदी आहेत. पेन्शन नसलेल्या आणि नियमित उत्पन्न नसलेल्या, ६५ वर्षांवरील माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा अनुदान मिळते. ते अनेक वर्षे ४,००० रुपयांवरच थांबले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते ८,००० करण्याचा निर्णय झाला आणि १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना तो लागू झाला. दुसऱ्या महायुद्धातील सैनिक आणि त्यांच्या विधवांना महाराष्ट्र शासन दरमहा मानधन देते. २०२३ मध्ये ते ६,००० वरून १०,००० करण्यात आले. या दोन्ही निर्णयांचे आपण स्वागत केले पाहिजे. पण त्यातील भेद ध्यानात घ्या. पेन्शनरची रक्कम वर्षातून दोनदा आपोआप वाढते. या अनुदानाची रक्कम कोणी तरी फाइल हलवील तेव्हाच वाढते. मधल्या वर्षांत महागाई वाढत जाते आणि रक्कम आहे तेथेच उभी राहते. ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे त्याचेच संरक्षण सर्वांत कच्चे, हा न्याय नव्हे. या अनुदानांनाही निर्देशांकाशी जोडावे, ही आपली मागणी असली पाहिजे.

येथे तरुणांनाही एक गोष्ट सांगतो. २०२२ पासून अग्निपथ योजनेखाली भरती सुरू झाली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर चारपैकी एकापर्यंत जवान कायम, बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये सेवानिधी. पेन्शन नाही. पेन्शन नाही म्हणजे महागाई सवलत नाही आणि कुटुंब पेन्शनही नाही. भरतीला जाऊ नका असे मी म्हणत नाही. वर्दीचा मान मोठा आहे आणि गेलेच पाहिजे. पण आजोबांच्या पेन्शनीवर जे घर चालले, तसे घर या रकमेवर आपोआप चालणार नाही, हे समजून जा. ती रक्कम लग्नात आणि मोटारसायकलीत घालवू नका. चार वर्षांत पुढील शिक्षणाचा विचार करा. सुभेदार रामजींनी पेन्शनीचे पैसे कशावर खर्च केले, ते आठवा.

कागद नीट तर घर नीट

बंधू-भगिनींनो, आता हातात घेण्याच्या कामाविषयी बोलतो. जवान जिवंत असतो तोवर पेन्शनीचे कागद त्याच्या पेटीत असतात. पत्नीला ते कधी दाखविलेले नसतात. तो गेला की डिस्चार्ज बुक कोठे, पीपीओ कोठे, खाते कोणत्या बँकेत, याचा शोध सुरू होतो. डिस्चार्ज बुकमध्ये पत्नीचे नाव माहेरचे, आधार कार्डावर सासरचे, रेशन कार्डावर तिसरेच. भरतीच्या वेळी लिहिलेले आडनाव एक आणि धर्मांतरानंतर मुलांनी लावलेले आडनाव दुसरे, असेही आपल्या घरांत आहे. या एकेका अक्षरापायी कुटुंब पेन्शन महिनोन्महिने अडून राहते. म्हणून जे माजी सैनिक आज हयात आहेत त्यांनी आपल्या हयातीतच पत्नीचे नाव आणि जन्मतारीख रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्त करून घ्यावी. खाते पत्नीसह संयुक्त करावे. घरात बसून तिला सर्व कागद एकदा वाचून दाखवावेत. सीमेवर पहारा दिला, आता या पेटीचाही पहारा द्या, एवढेच माझे म्हणणे आहे.

कुटुंब पेन्शनीविषयीही काही गोष्टी माहीत असाव्यात. निवृत्त जवानाच्या मृत्यूनंतर पहिली सात वर्षे, किंवा तो हयात असता तर ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवर कुटुंब पेन्शन वाढीव दराने मिळते. त्यानंतर ती शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांवर येते. मात्र किमान रकमेच्या खाली जात नाही. पेन्शन अचानक कमी झाली म्हणून घाबरून जाणाऱ्या भगिनींनी आधी ही तारीख पाहावी. लढाईत वीरमरण आलेल्या जवानाच्या पत्नीची पेन्शन निराळी असते. ती शेवटच्या पगाराइतकी असते. विधवा पत्नीच्या पश्चात अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीला, तसेच स्वतः कमवू न शकणाऱ्या अपंग मुलाला, उत्पन्नाच्या अटीवर कुटुंब पेन्शन मिळू शकते. लष्करातून येऊन ज्यांनी पुन्हा सरकारी नोकरी केली आणि तेथेही पेन्शन कमावली, त्यांच्या पत्नीला २४ सप्टेंबर २०१२ पासून दोन्हीकडची कुटुंब पेन्शन घेता येते. एक घेतली म्हणून दुसरी सोडून दिलेली घरे अजूनही असतील. त्यांनी चौकशी करावी.

आता पेन्शनीचा बहुतेक कारभार 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेत गेला आहे. हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावाच लागतो. तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, पण म्हातारपणी हे सर्वांना जमत नाही. दाखला राहिला की पेन्शन थांबते. दाखला दिला की मागील रकमेसह ती पुन्हा चालू होते, म्हणून घाबरू नये, पण उशीरही करू नये. फोनवर कोणी 'तुमची पेन्शन बंद होणार आहे, आलेला नंबर सांगा' असे म्हणाला, तर फोन ठेवून द्यावा. असे नंबर सांगून आयुष्याची पुंजी गेलेली माणसे आहेत.

संस्थेला विनंती

या संस्थेने आजवर विद्यार्थ्यांना वह्या दिल्या, सामुदायिक विवाह केले, आरोग्य शिबिरे घेतली. आता आणखी एक काम अंगावर घ्यावे अशी माझी विनंती आहे. आपल्या भागातील प्रत्येक माजी सैनिकाची आणि सैनिकाच्या विधवेची एक नोंदवही करावी. तीत नाव, पलटण, पीपीओ क्रमांक, पत्नीची जन्मतारीख आणि हयातीचा दाखला देण्याचा महिना एवढे लिहावे. ही वही विश्वासू माणसाच्या कुलपात राहील याची काळजी घ्यावी. महिन्यातून एका रविवारी, बुद्धवंदनेनंतर, विहारातच एक तास कागद पाहण्यासाठी ठेवावा. शिकलेली मुले-मुली येथे आहेत. त्यांनी मोबाइलवर 'स्पर्श' उघडून आजीला तिची पेन्शन स्लिप वाचून दाखवावी. अडलेले काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जाण्यासाठी दोन निवृत्त जवानांनी पुढे यावे. यास फार पैसा लागत नाही, केवळ नेम लागतो.

बाबासाहेबांनी आपल्याला शिकण्यास, संघटित होण्यास आणि संघर्ष करण्यास सांगितले. पेन्शनीच्या कागदातही हे तिन्ही आहे. नियम वाचणे हे शिकणे आहे, नोंदवही करणे हे संघटन आहे आणि आजीचे अडलेले २,८४४ रुपये मिळवून देणे हा संघर्ष आहे. ज्याने आपली तरुणपणाची वर्षे बर्फात आणि वाळवंटात घालविली, त्याच्या घरातील म्हातारी औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून खाते, ही गोष्ट आपल्या समाजाला शोभणारी नाही. आपल्या वस्तीतील अशी एक आजी तरी येत्या हयातीच्या दाखल्याच्या महिन्यापर्यंत शोधून काढावी, एवढे सांगून मी माझे भाषण संपवितो.



भवतु सब्ब मंगलम्. जय भीम, जय भारत.